पाय पाहिजे

आडी, म्हणजे तमिळांचा आषाढ, लागली. त्यासाठी पंचांग बघावं लागत नाही. सकाळी आपल्या दोरीवर वाळत घातलेली साडी दुपारी शेजाऱ्यांच्या शेवग्यावर सापडली, की समजायचं. आज सकाळी तेच झालं. काठी घेऊन साडी काढताना डोळ्यांत धूळ गेली, तोंडात धूळ गेली, आणि एकटीच उभी राहून मी हसत सुटले. शेवग्याखाली उभी असलेली गाय माझ्याकडे बघत राहिली.

आमच्या तंजावुरात म्हणतात, आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो. पाटा म्हणजे वाटणाचा, दगडी. पाटा उडालेला मी अजून पाहिला नाही. पण वैनी उडालेली पाहिली आहे.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेले त्याला बरीच वर्षं झाली. राजवाड्यामागच्या गल्लीत तिचं घर पुढं, माझं मागं, मधे एक आड आणि एक दोरी. पुढच्या घराच्या ओसरीवर तिचं चिरोट्यांचं दुकान. दुकान म्हणायचं आपलं. पाटी नाही, काउंटर नाही. एक मोठी चूल, दोन पराती, आणि वैनीचे हात. तंजावुरापासून कुंभकोणापर्यंत कुणाच्या घरी लग्न निघालं, की मुलीबरोबर जी ताटं जातात त्यांत आमचे चिरोटे आणि पुरणाच्या पोळ्या असायच्याच. "मराठीअम्माचे" एवढंच सांगितलं तरी रिक्षावाला गल्लीत आणून सोडतो.

मागं एका आडीत, महिना लागता लागताच, तिची जांभळी साडी वाऱ्यानं उचलली. ती साडी दादांनी आणलेली. वैनी मागे धावली, पायरीवरून घसरली, उजवा हात खाली आला. साडी वाचली. मनगट मोडलं.

आता हें बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की आडी महिना आमच्याकडे रिकामा असतो. लग्न नाही, मुंज नाही, नवं घर नाही, नवी नोकरी नाही. दुकानवाले तेवढे सूट-सूट म्हणून कर्णे लावून ओरडतात आणि गल्लीगल्लीतली देवीची गाणी त्यात मिसळतात. पण आडी संपली की आवणी, आणि आवणीत लग्नांची नुसती झुंबड. वैनीनं आवणीतल्या लग्नांची कामं आधीच शब्द देऊन घेतलेली. त्यातलं मोठं काम पापनाशमच्या एका घरचं, जिथं नवरीच्या आईच्या लग्नातही आमच्याच चिरोट्यांची ताटं गेली होती. आणि हात गळ्यात बांधलेला.

श्रीनूचा फोन आला. वैनीचा मुलगा, बेंगळुरूला असतो. चांगला मुलगा, खोटं कशाला बोलू. "आई, आता पुरे. आडी संपली की मी गाडी घेऊन येतो, तुला इकडें आणतो. चूल बंद कर." त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर माझा जास्त संताप झाला. चुकणाऱ्याशी भांडता येतं. वैनी फोनवर "बरं" म्हणाली आणि मग दिवसभर काही बोलली नाही. वैनीनं न बोलणं म्हणजे आमच्या घरी देवळाची घंटा बंद पडण्यासारखं. तिच्या जिवात काय चाललंय तें मला कळत होतं. चूल बंद झाली की ती बेंगळुरूच्या अकराव्या मजल्यावर जाऊन बसणार, आणि मी इकडे एकटी साड्या वाळत घालणार.

मी म्हटलं, "वैनी, हात मोडलाय, तोंड नाही. तुम्ही सांगा, करणाऱ्या बायका मी आणते. आडी संपायच्या आत."

"कोठून आणशील? झाडाला लागतात?"

झाडाला नाही, फोनला लागतात, असं माझी मुलगी निवी म्हणाली. म्हणजे तमिळमध्ये म्हणाली. निवी कॉलेजात वाणिज्य शिकत होती आणि तिचं आणि मराठीचं नातं फार गमतीचं. तुम्ही मराठीत काहीही बोला, टोमणे मारा, म्हणी घाला, दाराआड कुजबुजा, तिला सगळं कळतं. उत्तर मात्र तमिळमध्ये. लहानपणापासून असंच. मी रागावून बघितलं, लाडानं बघितलं, पायसाचं आमिष दाखवून बघितलं. वैनी म्हणायची, "राहूं दे गे कमळे. कानांत आहे ना, कधी तरी जिभेवर उतरेल." मी म्हणायची, कानातून जिभेवर यायला रस्ता केवढा, आणि या कार्टीला वीस वर्षं लागतायत.

तर निवीनं फोन काढला आणि ओसरीवर आमचा वर्ग भरला. तिच्या फोनमधल्या एकेका ॲपचं नाव वैनीला उच्चारायला जमेना, म्हणून वैनीनं आपली नावं ठेवली. एक हिरवं. एक निळं. एक फोटोंचं. आणि एक कोटवाल्यांचं, कारण त्यात ज्याचं त्याचं चित्र कोट घालून हाताची घडी घातलेलं. "इतक्या उकाड्यांत हे कोट घालून बसतात कोठें?" असं ती शेवटपर्यंत विचारत राहिली.

आधी निळं. तिथं आमचे सगळे नातेवाईक: अमेरिकेतले, मुंबईतले, आणि नातेवाईक असल्याचं आम्हाला ठाऊक नसलेलेही. निवीनं वैनीचा पट्टी बांधलेला फोटो आणि "मदतीला माणसं हवीत" असं टाकलं. अय्यो, काय तो पूर! नमस्कार, फुलं, जोडलेले हात, "तुमच्या सासूबाईंचे चिरोटे अजून जिभेवर आहेत". आणि अंगठे. पडदाभर अंगठे.

वैनीनं शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "अंगठे पुष्कळ आले. अंगठ्यानं लाटतां येत नाही."

मग कोटवाल्यांचं. तिथं निवीनं फार झोकात इंग्रजी लिहिलं. वाचून मलाच वाटलं, आपणही अर्ज करावा. कोइम्बतूरच्या एका तरुणानं विचारलं, या पदावर पुढे बढती कशी आहे, आणि काम घरून करता येईल का.

"घरून लाटूं दे की," वैनी म्हणाली, "तळायला तेवढे इथें आणून द्यावे म्हणावं."

फोटोंच्या ॲपवर मात्र कमाल झाली. निवीनं जुना एक चिरोटा खिडकीत धरला. त्या पोरीला उजेड कळतो, हें मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आडीचं ऊन वेगळंच असतं, धुळीतून गाळून आल्यासारखं पिवळं. त्यात त्या चिरोट्याचा पदर न् पदर सुटा दिसत होता, वर साखर. बघून मला भूक लागली, मी तर जन्मभर तेच खात आलेली. संध्याकाळपर्यंत चौकशांवर चौकशा. तिरुचीहून, चेन्नईहून, कुठल्या कुठल्या नवऱ्यामुलींच्या. आम्हाला हव्या होत्या करणाऱ्या; आल्या खाणाऱ्या! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी निवीवर ओरडले. निवी माझ्यावर ओरडली, तमिळमध्ये. वैनी मधे बसून डाव्या हातानं पंखा घेत होती.

राहिलं हिरवं. त्यावर आमच्या मंडळींचा एक गट आहे, तंजावुरातल्या आणि आजूबाजूच्या मराठी घरांचा. मी म्हटलं, बाजूला हो, आता हें काम माझं. आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगायचं, झालं.

आता इथं एक अडचण. मला माझ्या वडिलांनी छडी घेऊन देवनागरी शिकवली, म्हणून मी हें लिहिते आहे. पण आमच्यात ती वाचणारी माणसं थोडी. बाकीचे मराठी बोलतात, आणि लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांत लिहितात. मीही तमिळ अक्षरांत लिहिलं, मुद्द्याचं, सुटसुटीत: बाई पाहिजे. ताबडतोब. खाली वैनीचा पत्ता.

तमिळ लिपी मोठी काटकसरी. प, फ, ब, भ, सगळ्यांना मिळून एकच अक्षर. बोलताना कळतं, लिहिताना ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. तेव्हा मी लिहिलं बाई, आणि गेलं पाय.

पहिला आवाज कुंभकोणाच्या किट्टूमामांचा. आमच्या गटातले सगळ्यांत जुने, कुणालाही न सोडणारे. त्यांनी बोलूनच निरोप पाठवला. "कमळे, मोडला वैनीचा हात, आणि तूं पाय मागतेस होय गे?" मागून मामींच्या हसण्याचा आवाज. मग गटात जो हैदोस सुरू झाला, तो विचारूं नका. कुणी विचारलं डावा की उजवा. कुणी म्हणालं, माझा गुडघा दुखतो, चालेल का. मी फोन तांदळाच्या डब्यावर उपडा घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दारात मोपेड थांबली. मोपेडवर एक माणूस, आणि माणसाच्या मागंपुढं, डाव्या-उजव्या अंगाला चटयांच्या गुंडाळ्या. कोरैच्या, म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या. हसऱ्या तोंडाचा, घामानं निथळलेला. "अम्मा, पाय पाहिजे म्हणून घातलंय ना तुम्ही?"

तमिळमध्ये पाय म्हणजे चटई.

गटातल्या कुणी तरी माझा निरोप आपल्या शेजाऱ्यांच्या गटात ढकलला होता, तिथून तो पुढं, तिथून आणखी पुढं. पापनाशमच्या बाजूच्या या मुरुगेशनला त्या अगम्य मजकुरातला कळला एकच शब्द, आणि पत्ता. बिचारा भर वाऱ्यात मोपेड सांभाळत आला होता.

मला धरणी दुभंगावी असं झालं. पण मागून एक आवाज आला, आणि मी वळून बघितलं, तर वैनी हसत होती. हात मोडल्यापासून पहिल्यांदा. पट्टीचा हात पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी काढून हसत होती. "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात," ती म्हणाली, "इथें पायच अंथरूण होऊन आला गे!" मुरुगेशनला यातलं एक अक्षर कळलं नाही, पण हसणं कळलं; तोही हसायला लागला. निवीनं त्याला तमिळमध्ये समजावलं तेव्हा तो मोपेडच्या सीटवर डोकं टेकून हसला. मग वैनीनं एक चटई घेतलीच. लाल काठाची. घरात आलेला शब्द परत पाठवायचा नाही, म्हणाली.

ती ओसरीवर पसरली आणि तिच्यावरच मुरुगेशनला बसवून मी कॉफी दिली. तेवढ्यात त्याच्या खिशातून एका बाईचा आवाज आला. "कोठें आहेस, मीठ आण." थोड्या वेळानं पुन्हा, "मीठ म्हणाले मी, ऐकलंस का?" तो लाजला. म्हणाला, बायको, सेल्वी. चटया तीच विणते. दोन्ही हात मागावर, म्हणून लिहीत नाही, बोलूनच पाठवते. तिच्या सोबतिणींचंही तसंच. मागाशेजारी फोन ठेवलेला, दिवसभर गप्पा. हल्ली प्लास्टिकच्या चटया आल्यापासून मात्र गप्पाच जास्त, विणणं कमी.

निवीनं कॉफीचा लोटा खाली ठेवला. तिचा चेहरा बघून मला कळलं, की पोरीच्या डोक्यात काही तरी पेटलं. ती भराभर बोलायला लागली. आपण उलटं करत होतो अम्मा, ती म्हणाली. खाणाऱ्यांचे डोळे मोकळे असतात, त्यांना फोटो दाखवायचा. करणाऱ्यांचे हात आणि डोळे कामात असतात, त्यांचे कान मोकळे. त्यांना वाचायला काय देतेस, ऐकायला दे!

मी म्हटलं, एवढं शहाणपण मराठीत सांगितलं असतंस तर दुप्पट आनंद झाला असता. तिनं जीभ दाखवली.

वैनीचा आवाज भरायचा ठरला, हिरव्यावर. तो एक सोहळाच. आधी तिनं केस विंचरून घेतले. मी म्हटलं, वैनी, आवाज जाणार आहे, वेणी नाही. पहिल्यांदा ती रेडिओवर बातम्या सांगितल्यासारखी बोलली. दुसऱ्यांदा कावळा ओरडला. तिसऱ्यांदा देवीच्या कर्ण्यानं तिचा अर्धा आवाज गिळला. निवी वैतागून म्हणाली, मामी, भाषण नको, आडावर पाणी भरताना शेजारणीशी बोलता तसं बोला. मग वैनी बोलली, तिच्या त्या मराठी हेलाच्या तमिळमध्ये. सेल्वी, माझा हात मोडलाय. तुझा धड आहे. सोबतिणींना घेऊन ये, मी शिकवते. चिरोट्याला जोर लागत नाही, सैल हात लागतो. दुपारचं जेवण माझ्याकडें.

उत्तर लगेच आलं. "येऊं की अक्का. पण आडी आहे ना. आडीत नवं काम कसं धरायचं?"

झालं! आडी संपेपर्यंत थांबायचं तर श्रीनू गाडी घेऊन दारात. पण वैनीनं तो फोन निवीच्या हातातून ओढून घेतला आणि कोणतं बटण दाबायचं तें न विचारता दाबलं. "आडीतच नदीला पाणी येतें, आडीतच रोपं टाकतात, त्यांना विचारलंस का, नवं काम कसं धरता म्हणून? आडी पेरुक्कूला या. त्या दिवशी धरलेलं सगळं वाढतें."

आडी पेरुक्कू म्हणजे कावेरीला आलेलं नवं पाणी पुजायचा दिवस. वाईट महिन्याच्या पोटातला एकच चांगला. आम्ही तिरुवैयारूच्या घाटावर गेलो. चिंचेचा भात, लिंबाचा भात, खोबऱ्याचा भात, सगळे डबे माझ्या डोक्यावर, कारण वैनीला हात नाही आणि निवीला फोटो काढायचे. पाणी चहाच्या रंगाचं, पायऱ्या चढून वर आलेलं. हजार बायकांचा कलकलाट, ओल्या हळदीचा वास, वाऱ्यात उडणारे पदर. त्या गर्दीत सेल्वीनं आम्हाला कसं ओळखलं? पट्टीवरून. सडसडीत बाई, आवाज मात्र फोनमध्ये होता तस्साच, मीठ आण म्हणणारा. सोबत तिघी. त्या दिवशी बायका एकमेकींच्या मनगटाला पिवळा दोरा बांधतात. सेल्वीनं वैनीच्या पट्टीवरूनच दोरा बांधला, जरा घट्ट, आणि म्हणाली, "धरलं काम."

त्यानंतरची आडी कशी गेली तें कळलंच नाही. चौघी सकाळी पापनाशमहून बसनं यायच्या, ओसरीवरच्या लाल काठाच्या चटईवर बसायच्या. पोळीवर पोळी, मधे तूप आणि तांदळाची पिठी, मग गुंडाळी, मग काप, मग लाटणं. गुंडाळी त्यांना शिकवावी लागलीच नाही. लाटताना मात्र जोर करायच्या, आणि वैनी डाव्या हातात लाटणं घेऊन मागून फिरायची, "सैल! सैल!" आठवडाभरात चौघीही एकमेकींना "सैल, सैल" म्हणायला लागल्या. तो त्यांचा पहिला मराठी शब्द. निवी फोटो काढायची, फोटोंच्या ॲपवर टाकायची, ताटं मागणाऱ्या मुलींना उत्तरं द्यायची. हिरव्यावर बोलून नवी माणसं शोधायची. निळ्यावर सणाला नमस्कार. कोटवाल्यांचं तिनं फोनमधून काढूनच टाकलं, तेव्हा वैनीला जरा वाईट वाटलं. म्हणाली, कोट काढले का त्यांनी, तें राहिलंच बघायचं.

आणि आडी सरता सरता श्रीनू आला. गाडी बाहेर लावली, रिकामी मोठी बॅग घेऊन आत आला, आईच्या कपड्यांसाठी. ओसरीवरचा थाट बघून तो जरा बावचळला. तूप, पीठ, बायका, हसणं. चिरोटा हातात दिला तो खाल्ला. मग म्हणाला, "आई, उद्या सकाळी निघायचं ना?"

माझी वैनी, कुणालाही शब्दानं लोळवणारी, ती नुसती परातीकडें बघत राहिली. पोटच्या पोरानं मायेनं विचारलेल्याला नाही कसं म्हणायचं? मी तुपाचं भांडं उचललं. आई-मुलाच्या मधे आत्यानं पडू नये, एवढं मलाही कळतं. सेल्वी आणि तिच्या सोबतिणींना भाषा कळत नव्हती, पण चौघींचे हात थांबले. वाऱ्यानं दार आपटत होतं, तें कुणी लावेना.

"अण्णा," निवी म्हणाली. फोन बाजूला ठेवून ती उभी राहिली होती. "मामीचा इथून पाय निघत नाही."

मराठीत.

माझ्या हातातलं तुपाचं भांडं मी कसं धरून ठेवलं तें मलाच ठाऊक. ना अडखळली, ना हसली. जसं काही रोज बोलते. मी बघितलं तर वैनीचे डोळे भरलेले, आणि श्रीनू निवीकडें असा बघत होता, की जणू त्या लाटण्याला वाचा फुटली. माझं म्हणाल तर मी सरळ रडायला लागले, पदर तोंडात धरून, आनंदानं.

सेल्वीला त्यातला एकच शब्द कळला. तिनं घाबरून निवीला विचारलं, "पायला काय झालं?"

निवी म्हणाली, "निघत नाही म्हणाले मी."

सेल्वीनं चटईचं टोक उचलून बघितलं, हलवून दाखवलं. "निघतेय की!"

तेव्हा वैनी उठली. परात बाजूला सारून ती त्या लाल काठाच्या चटईच्या बरोबर मधोमध जाऊन बसली, ऐसपैस मांडी घालून, पट्टीवरचा पिवळा दोरा वर करून.

"आता ओढ," ती श्रीनूला म्हणाली. "निघतो का बघ."

श्रीनूनं रिकामी बॅग उचलली आणि दाराला टेकवून ठेवली, वाऱ्यानं आपटू नये म्हणून.